उलट फेरी

पेटंटचा अर्ज मंगळवारी, ८ नोव्हेंबर २००५ रोजी टपालात पडायलाच हवा होता. बरोबर एक वर्षापूर्वी, ८ नोव्हेंबर २००४ला, रत्ना किणीकरच्या कंपनीने आपलं नवं यंत्र एका प्रदर्शनात मांडलं होतं. अमेरिकेतला नियम सरळ होता: वस्तू लोकांना दाखवली की एका वर्षाच्या आत अर्ज करायचा, नाहीतर तो शोध सगळ्यांचा होतो. कंपनीत माणसं आठ होती आणि विकायला वस्तू ही एकच होती.

अर्ज बासष्ट पानांचा होता. त्यातली एकसष्ट पानं तयार होती. शेवटच्या पानावर शोध लावणाऱ्यांची नावं आणि सह्या यायच्या होत्या. नावं दोन होती. एक रत्नाचं आणि दुसरं प्रल्हादकाकांचं. रत्नाची सही शुक्रवारीच झाली होती. काकांची सोमवारी व्हायची होती, पण वकिलाकडे जायचं म्हणून त्यांनी कोट ड्रायक्लीनला टाकला होता आणि तो सोमवारी संध्याकाळी मिळणार होता. त्यामुळे सही मंगळवारवर गेली.

प्रल्हाद बोधनकर सत्तर वर्षांचे होते. नागपूरच्या एका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त होऊन ते पत्नीसह मुलाकडे, शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये राहायला आले होते. रत्ना दोन गल्ल्या सोडून राहायची. नातं काही नव्हतं, पण गावातल्या सगळ्या मराठी घरांचे ते काका होते आणि सुलेखाबाई काकू.

रत्ना मूळची फायबरमधली इंजिनियर. टेलिफोनचं बोलणं काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपाने पाठवायचं, हे तिचं काम. २००१मध्ये तो धंदा बसला. जमिनीखाली इतका फायबर पुरून झाला होता की नवा कुणाला नको होता. २००२मध्ये तिची नोकरी गेली. त्याच सुमारास मोबाइल फोनमध्ये कॅमेरे यायला लागले आणि चित्र टिपणारी नखाएवढी चिप, म्हणजे इमेज सेन्सर, कुणालाही परवडेल अशी झाली. फायबर पडून होता, चिप स्वस्त होती. रत्नाच्या डोक्यात दोन्ही एकत्र आलं.

पाइपात, इंजिनात, भिंतीच्या आत डोकावणाऱ्या बारीक दुर्बिणी पूर्वीपासून होत्या. त्यांत केसासारखे हजारो काचेचे तंतू असतात आणि प्रत्येक तंतू चित्रातला एक ठिपका पलीकडे नेतो. त्यासाठी दोन्ही टोकांना तंतूंचा क्रम हुबेहूब एकच लागतो. तो लावणं हेच खरं महागाचं काम. रत्नाने ठरवलं, क्रम लावायचाच नाही. चार हजार शहाण्णव तंतू कसेही गोळा करायचे, एका टोकाला सेन्सर चिकटवायचा आणि कुठला तंतू कुठे निघतो ते कॉम्प्युटरला एकदाच शिकवायचं. मग विस्कटलेलं चित्र तोच सरळ करील.

शिकवायची रीत मात्र कंटाळवाणी होती. पलीकडच्या टोकाला एकच तंतू उजळायचा, अलीकडे कुठे उजेड पडला ते टिपायचं, मग पुढचा. एकेकाला दोन सेकंद. एका दुर्बिणीला सव्वादोन तास. शिवाय काही तंतू मंद निघायचे, आणि उजळलेला मंद तंतू कुठला आणि न उजळलेला कुठला, यात कॉम्प्युटर फसायचा. २००४च्या उन्हाळ्यात रत्ना जो भेटेल त्याला हे गाऱ्हाणं सांगत होती.

मग गणपती आले. शनिवार, १८ सप्टेंबर २००४. मराठी मंडळाने एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलं होतं. कॉफीचं मोठं भांडं, भाताचे तीन कुकर आणि आरतीचा माइक एकदम लावल्यावर व्हायचं तेच झालं. वीज गेली. कॉरिडॉरमधल्या पॅनेलवर सोळा ब्रेकर होते, हॉलमध्ये सोळा प्लग होते आणि कुठला ब्रेकर कुठल्या प्लगचा हे लिहिलेला कागद केव्हाच पुसट झाला होता. मंडळाचे अध्यक्ष दिगंबर पॅनेलपाशी उभे राहून एकेक ब्रेकर खाली करत होते.

"गेला का?"

"कुठला?"

"मी विचारतोय, कुठला ते!"

वीस मिनिटांत तीन प्लग सापडले. मग कॉरिडॉरमधून प्रल्हादकाकांचा आवाज आला आणि दिगंबर बाजूला झाले. सजावटीचे सोळा छोटे दिवे सोळा प्लगमध्ये लावले गेले. प्रत्येक दिव्यापाशी एक जण कागद-पेन घेऊन उभा राहिला. रत्ना कोपऱ्यातल्या नवव्या दिव्यापाशी होती.

"फेरी पहिली!" काका ओरडले. "दिवा लागलाय त्यांनी एक लिहा. नाही लागला त्यांनी शून्य!" अर्धे दिवे लागले. "आता उलट फेरी!" लागलेले विझले, विझलेले लागले. दर फेरीला वेगळे अर्धे, अशा चार फेऱ्या सुलट आणि चार उलट झाल्या; प्रत्येकाच्या कागदावर उतरलेली एक-शून्यांची ओळ वेगळी होती आणि तीच त्याच्या ब्रेकरचा नंबर. काकांच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर काकू बसल्या होत्या, मांडीवर कागद घेऊन. चार मिनिटांत सगळे प्लग सापडले. सात वर्षांच्या सियाने उलट-सुलट दोन्ही वेळा शून्यच लिहिलं होतं, म्हणून तिचा बल्बच गेलाय आणि उरलेला एक ब्रेकर तिचाच, हेही कळलं. आरती वेळेवर झाली. आरतीनंतर दिगंबरांनी शाल आणि नारळ देऊन काकांचा सत्कार केला.

तीन दिवसांनी, मंगळवारी, रत्नाला काकांचा फोन आला.

"रत्ना, तुझ्या काचेच्या तारांनाही नंबर दे. सगळ्यांना एकदम. अर्ध्या लाव, अर्ध्या विझव. बारा फेऱ्यांत चार हजार तारा ओळखू येतात. आणि प्रत्येक फेरी उलटी पण करायची."

"काका, पण मंद तारांचं काय?"

"एक मिनिट हं." मागून काकूंचा आवाज येत होता. "हां. तेच सांगतोय. एकीला दुसरीशी ताडायचंच नाही. जिची तिच्याशीच ताडायची. सुलट फेरीतली ती आणि उलट फेरीतली ती."

सव्वादोन तासांचं काम अठ्ठेचाळीस सेकंदांवर आलं. मंद तारा बिनचूक ओळखू आल्या. त्यानंतर सात आठवड्यांनी दुर्बीण प्रदर्शनात होती.

वर्षभराने अर्ज तयार करताना वकिलाने जुने शोध धुंडाळले. काचेच्या तंतूंचा क्रम कॉम्प्युटरला शिकवायची कल्पना आधीच कुणीतरी लिहून ठेवलेली निघाली. अर्धे लावून अर्धे विझवण्याचीही. नवी होती ती फक्त उलट फेरी, आणि प्रत्येक तार तिच्याशीच ताडून बघायची युक्ती. सगळं पेटंट अर्जातल्या सातव्या कलमावर, म्हणजे या युक्तीवरच्या दाव्यावर, उभं होतं आणि सातवं कलम काकांच्या फोनवर. रत्नाने प्रामाणिकपणे त्यांचं नाव घातलं.

काकांनी ती बातमी पाच नोव्हेंबरच्या दिवाळी कार्यक्रमात स्टेजवरून सांगितली. नागपूरला चार फोन केले. दिगंबरांनी मंडळाच्या बातमीपत्रात पहिल्या पानावर मजकूर घेतला.

मंगळवारी सकाळी रत्ना, काका आणि काकू मेट्रा नावाच्या लोकलने शिकागोला निघाले. काका कोटात होते. काकूंच्या पिशवीत दिवाळीच्या उरलेल्या करंज्यांचा डबा होता.

"वकिलाला करंज्या कशाला, काकू?"

"मुलगी आहे ना ती? आपलीच आहे म्हणालीस. तिच्या आईने केल्या असतील-नसतील."

वकील म्हणजे इशिता. क्लीव्हलंडमध्ये जन्मलेली, आईवडील पुण्याचे. मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र अर्ध्या वाक्यावर इंग्रजी यायचं. अकरा वाजता तिने काकांना आणि रत्नाला आत नेलं. काकू बाहेर बसल्या.

"काका, तुम्ही सही करण्याआधी मला काही क्वेश्चन्स विचारायचे आहेत. मी सगळ्यांना विचारते."

"विचार की. तुझे बाबा पुण्याचे कुठले?"

"काका, दॅट्स नॉट रेलेव्हंट." ती हसली, पण पेन उचललं. "फायबरला उलट फेरी लावायची आयडिया तुम्हाला कधी आली? डेट."

"आयडिया अशी तारखेवर येत नाही, बाळ."

"इन दिस ऑफिस, येते."

"बरं. गणपतीनंतर. एकवीस सप्टेंबर."

"कुठे होता तुम्ही?"

"बाथरूममध्ये."

"एकटे?"

काकांनी रत्नाकडे पाहिलं. "या देशात हेही विचारतात?"

"म्हणजे, कोणाशी डिस्कस केलं का?"

"नाही."

इशिताने लिहून घेतलं. "ओके. बारा फेऱ्यांत प्रत्येक फायबरचा नंबर कळतो. मग आणखी बारा उलट्या कशाला?"

"खात्रीसाठी."

"कशाची खात्री?"

काका ग्लासातलं पाणी प्याले. "जरा बाहेर जाऊन येतो," म्हणाले आणि गेले. दीड मिनिटाने परत आले. "मेलेली तार. मेलेली तार दोन्ही वेळा शून्य देते. उलट फेरी नसेल, तर ती मेली आहे हे कळणारच नाही."

"गुड. आणि मंद असेल तर? किती लाइट असला की लागली म्हणायचं?"

काकांनी ग्लास उचलला. तो रिकामा होता. "पुन्हा एकदा जाऊन येतो हं. वय झालं की होतं असं."

या वेळी तीन मिनिटं लागली. "किती ते ठरवायचंच नाही," काका बसता बसता म्हणाले. "दोन्ही फेऱ्यांतलं तिचंच तिच्याशी ताडायचं. जास्त कुठे आहे तेवढं बघायचं."

"करेक्ट. मग एखादीला शेजारच्या फायबरचा लाइट लीक होत असेल तर?"

काका अर्धे उठले.

"काका," इशिता म्हणाली, "बाहेर कोण आहे?"

काका परत बसले. रत्नाने दोघांकडे पाहिलं. तिला एकदम तो फोन आठवला. एक मिनिट हं. मागचा आवाज.

इशिता उठून दाराशी गेली. "काकू, तुम्ही आत येता का प्लीज?"

काकू डबा घेऊनच आत आल्या. "झाली सही? घे, एक खा. काय विचारून राहिली होतीस गं इतकं? हे आपले आत-बाहेर, आत-बाहेर."

"काकू, लाइट लीक झाला तर काय?"

"अगं, शेजारणीचा उजेड दोन्ही फेऱ्यांत थोडाथोडा येणारच. पण जिचा स्वतःचा आहे तो एकाच फेरीत येईल. आमच्याकडे असंच होतं." काकूंनी डबा टेबलावर ठेवला. "मी एकतीस वर्षं नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. तारांच्या बाराशे जोड्यांची केबल यायची. दुसऱ्या टोकाला रस्त्यावर खड्ड्यात बसलेला, तारा जोडणारा जॉइंटर. मी इकडून आवाज सोडायचा, त्याने तिकडे ऐकून सांगायचं, आला की नाही. आता त्याचा काय भरवसा? ऊन असायचं, डुलकी लागायची, सगळ्यालाच हो म्हणायचा. शेजारच्या जोडीतलं बोलणंही ऐकू यायचं. मग मी त्याला न सांगता उलटं करायची. मघाशी वाजली ती आता गप्प बसली पाहिजे. दोन्हीदा सारखंच बोलली की ती जोडी नापास, नाहीतर माणूस नापास."

इशिता लिहायची थांबली होती. "आणि रत्नाच्या फायबरला हे लावायचं, हे कोणाला सुचलं?"

"मलाच. ती बिचारी गणपतीत भाताच्या रांगेत सांगत होती ना, सव्वादोन तास लागतात म्हणून. मंगळवारी मी भाकऱ्या करत होते. हात पिठात. म्हटलं, अहो, रत्नाला फोन लावा आणि मी सांगते तसं सांगा."

"मी तसंच सांगितलं," काका म्हणाले. "शब्दाला शब्द."

"'सुलेखा म्हणते' एवढे दोन शब्द तेवढे वाचवले," काकू म्हणाल्या.

इशिताने एक करंजी उचलली आणि न खाता कागदावर ठेवली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"ओके," ती म्हणाली. "काकांचं नाव काढायचं. काकूंचं घालायचं."

"नको बाई," काकू लगेच म्हणाल्या. "अख्ख्या मंडळाला सांगून झालंय. शनिवारी स्टेजवरून बोललेत हे. आता नाव काढलं तर कुठे तोंड दाखवतील? माझं काय अडलंय त्या कागदावाचून?"

"काकू, पण—"

"दोघांचं घाल मग. माझं पण आणि यांचं पण."

"नाही घालता येत. काकांनी शोध लावला नाही."

"मग दोघांचंही नको. एकट्या रत्नाचं घाल. यंत्र तिचंच आहे."

"तेही नाही." इशिताने मराठी सोडून इंग्रजी धरलं, मग पुन्हा मराठीवर आली. "खोटं नाव घातलं तरी आणि खरं गाळलं तरी, कॉम्पिटिटर उद्या कोर्टात जाऊन सगळं पेटंट उडवू शकतो. चुकून झालं तर नंतर दुरुस्त करता येतं. पण आता मला माहीत आहे. माहीत असताना मी असं पान पाठवणार नाही. आय वोन्ट."

"आणि मी सही करणार नाही," काकू म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

कंपनीत पैसे घालणारे मालक डग यांचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता. टपालाची शेवटची वेळ पाचची. काकूंना आठ माणसांच्या पगाराची गोष्ट सांगितली असती तर त्या बहुधा विरघळल्या असत्या, पण ते तिला बरं वाटेना. शेवटी ती जे खरं होतं ते बोलली.

"काकू, चूक माझीच आहे. मी त्या दिवशी फोनवर तुमचा आवाज ऐकला होता. मला वाटलं, तुम्ही कुकरबद्दल काहीतरी सांगताय."

"कुकरबद्दल?"

"हो."

"मी तिकडे शेजारणीचा उजेड सांगतेय आणि तुला कुकर ऐकू आला?"

"ऐकू नाही आला. मी विचारलंच नाही. गणपतीतही पॅनेलपाशी तुम्ही बसला होता, कागद तुमच्या मांडीवर होता. मी काकांचंच ऐकत होते. ओरडत तेच होते ना."

काकांनी शेवटचं पान स्वतःकडे ओढलं होतं आणि चष्मा लावून ते वाचत होते. पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की मी स्वतः या शोधाचा कर्ता आहे, आणि हे खोटं ठरल्यास दंड किंवा तुरुंगवास किंवा दोन्ही. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"मी अडतीस वर्षं बँकेत सह्या तपासल्या," ते म्हणाले. "नमुन्याशी जुळली नाही तर कलेक्टरचा चेकसुद्धा परत केलाय मी. लोक म्हणायचे, बोधनकर, सोडून द्या, माणूस ओळखीचा आहे." त्यांनी पेन घेतलं आणि स्वतःच्या नावावर एक रेघ मारली. मग आणखी एक. "सुलेखा, सही कर."

"आणि मंडळात?"

"मंडळात मी सांगतो. चूक झाली म्हणून."

"तुम्ही सांगाल? चूक झाली असं?" काकूंनी इशिताकडे पाहिलं. "याची तारीख लिहून घे गं."

"हसू नकोस. सांगतो म्हटलं ना."

"कधी सांगाल? पुढच्या गणपतीला? आत्ता सांगा. इथून. मी ऐकते."

इशिताने टेबलावरचा फोन काकांपुढे सरकवला आणि स्पीकरचं बटण दाबलं. काकांनी दिगंबरांचा नंबर लावला.

"दिगंबर, बोधनकर बोलतोय. ते बातमीपत्र थांबव."

"काका, छापायला गेलं! पहिल्या पानावर आहात. कोटातला फोटो टाकलाय."

"फोटो काढ. सुलेखाचा टाक. शोध तिचा आहे. मी फक्त फोन केला होता."

"काकूंचा? पण काका, गणपतीत तर तुम्ही—"

"तेव्हा पण मी फक्त ओरडत होतो."

"अरे बाप रे. मग सत्काराचं काय करायचं?"

"यार, दिगंबर, तू आधी छापखान्यात फोन कर. बाकीचं घरी येऊन बोलू."

फोन ठेवल्यावर काका कोटाचं वरचं बटण काढून मागे टेकले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण पडला नव्हता. रत्नाला वाटलं, कोट अंगाला होत नसताना दिवसभर घालून बसलेल्या माणसाने तो काढल्यावर जसं दिसावं, तसे ते दिसत होते.

"बरं, आण ते पान," काकू म्हणाल्या.

इशिताने कॉम्प्युटरवर नवं पान उघडलं. "फुल लीगल नेम, काकू. पासपोर्टवर आहे तसंच. मिडल नेमसकट."

काकूंनी पर्समधून पासपोर्ट काढून दिला. इशिता टाइप करत मोठ्याने वाचू लागली. "सुलेखा... प्रल्हाद... बोधनकर."

काका ताठ बसले. "काय म्हणालीस?"

"सुलेखा प्रल्हाद बोधनकर. असंच आहे ना?"

"म्हणजे माझं नाव आलं!"

"काका, ते काकूंचं मिडल नेम आहे."

"कुणाचं का असेना. छापलं जाईल ना? अमेरिका सरकारच्या कागदावर?"

"येस, छापलं जाईल."

"पाहा!" काकांनी टेबलावर हात मारला. "मधोमध!"

"मध्ये मध्ये यायची सवयच आहे तुमची," काकू म्हणाल्या आणि सही केली. सही मराठीत होती. इशिताने नियम पाहिला. चालत होती.

रत्नानेही नव्या पानावर पुन्हा सही केली आणि अडीच वाजता बासष्ट पानं लिफाफ्यात गेली. इशिताचा मदतनीस टपालात जाणारच होता, पण काकांना ते पटेना. सरकारी कागद स्वतः टाकायचा, असं त्यांचं म्हणणं पडलं. चौघं चालत निघाले. वारा इतका होता की काकूंनी पदर कानावर घट्ट बांधला. टपाल कचेरीत रांग होती. तीन वाजून बावन्न मिनिटांनी कारकुनाने शिक्का मारला आणि पावती दिली. काकूंनी ती हातात घेऊन तारीख तपासली आणि मग रत्नाकडे दिली. रत्नाने डगना फोन लावला. "गेला," एवढंच म्हणाली. पलीकडून आठ जण एकदम ओरडल्यासारखा आवाज आला. प्रत्यक्षात सातच असणार, कारण आठवी ती स्वतः होती.

इशिता करंज्यांचा डबा घेऊन ऑफिसला परतली. उरलेले तिघं स्टेशनवर पोचले तेव्हा पाचच्या गाडीला पंचवीस मिनिटं होती. बाकावर बसल्या बसल्या काकूंनी रत्नाला विचारलं,

"तुझ्या त्या चिपला रंग दिसतात का गं?"

"दिसतात. फोनचीच चिप आहे ती. लाल, हिरवा, निळा वेगळे कळतात."

"मग आपण पांढराच दिवा का लावतो? तिन्ही रंग एकदम सोडले आणि प्रत्येक रंगाने आपापला आकडा सांगितला, तर एका फेरीत तीन फेऱ्या नाही का होणार?"

रत्नाने बोटांवर मोजलं. बाराच्या चार. उलट्या धरून चोवीसच्या आठ. तिने बॅगेतून कंपनीची प्रयोगवही काढली, मांडीवर घेतली आणि काकूंनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं. खाली काकूंचं नाव घातलं. संपूर्ण. तारीख घातली. वेळ घातली, चार बेचाळीस. काकूंनी सही केली. तरी पानाच्या तळाशी एक ओळ रिकामी राहिली.

"ही कुणाची?" काकांनी विचारलं. सहीची रिकामी जागा दिसली की त्यांना राहवत नसे.

"साक्षीदाराची. ज्याने शोध लावला नाही, पण वाचलंय आणि ज्याला समजलंय, असा माणूस लागतो. इशिताने सांगून ठेवलंय, प्रत्येक पानावर पाहिजे."

"मग मी आहेच की." काकांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि ओळ वाचली. 'वाचले व समजले.' पेन कागदाच्या वर थांबलं.

"काय झालं?" काकू म्हणाल्या.

"वाचलंय. समजलं नाहीये."

"मग थांबा. आधी समजून घ्या."

काकांनी पेनाला टोपण लावलं. काकू त्यांच्याकडे वळून बसल्या, रत्नाच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि त्यावर तीन गोल काढले.

"हा लाल समजा," त्या म्हणाल्या.